सगळं डाव्या बाजूनंच

गिरणीत वायरमन म्हणून त्यांची हयात गेली. सगळे त्यांना फ्यूजकाका म्हणायचे. कुणाची मोटर जळो, कुणाचे दिवे जावोत, काका हातातला घास ताटात ठेवून निघायचे. घरचं काम मात्र रविवारवर ढकललेलं, आणि तो रविवार काही उजाडायचा नाही. घरात गाणी ऐकायला काहीतरी असावं, एवढंच काकूंचं मागणं होतं.

काका निवृत्त झाले तेव्हा लेकीनं तळहातावर मावेल एवढा स्टिरिओ अ‍ॅम्प्लिफायरचा बोर्ड आणून दिला. मेहुण्याकडे दोन स्पीकर धूळ खात पडले होते, ते काकांनी उचलून आणले. टेबलावर पसारा बघून काकूंनी विचारलं, हे कुणाचं दुरुस्तीला आलंय?

"आपलंच आहे," काका म्हणाले. काकूंना खरं वाटेना.

काकांनी वायरींची टोकं सोलून पीळ दिला, डावी-उजवी, प्लस-मायनस ताडून पाहिलं. तांब्याचा एक धागा जरी शेजारी चिकटला असता तरी बोर्ड गेला असता. आवाजाचं बटण पार खाली आणून त्यांनी अ‍ॅडॉप्टर लावला. आधी नुसती घरघर आली. मोबाइलची पिन नीट बसवल्यावर ती गेली आणि उजवीकडून बासरी, डावीकडून व्हायोलिन असं स्वच्छ वाजू लागलं. काकांनी काकूंना मधोमध खुर्चीत बसवलं.

"छान आहे. पण सगळं डाव्या बाजूनंच येतंय."

काकांनी वायरींची अदलाबदल केली. तरी तेच. उजव्या स्पीकरला स्वतःचा कान लावला, तो खणखणीत वाजत होता. मग त्यांनी खुर्चीच उलटी फिरवली.

"आता?"

"डाव्या बाजूनंच."

काकांना आता आठवलं. उजव्या कानात गुणगुण होतेय, नीट ऐकू येत नाही, असं काकूंनी कितीतरी वर्षांपूर्वी सांगितलं होतं. तेव्हा गिरणीचा ट्रान्सफॉर्मर उघडलेला होता. सर्दी असेल, जाईल, म्हणून ते निघून गेले होते. काकूंनी परत विषय काढला नाही. रस्त्यानं चालताना त्या कायम काकांच्या उजव्या हाताला असत. सवय असेल, असं काका समजत आले.

कानाच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, नस गेली आहे. तेव्हा लगेच आला असतात तर कदाचित काही करता आलं असतं.

"मी तुला त्याच दिवशी न्यायला हवं होतं," घरी आल्यावर काका म्हणाले.

"हो, न्यायला हवं होतं," काकू म्हणाल्या, आणि भाजी निवडायला बसल्या.

दुसऱ्या दिवशी काकांनी मोबाइलकडून येणाऱ्या वायरीत दोन रेझिस्टन्स लावून दोन्ही बाजूंचा आवाज एकत्र केला आणि एकच स्पीकर काकूंच्या डावीकडे ठेवला. बासरी, व्हायोलिन, सगळं आता एकाच डब्यातून येतं. काकू दुपारभर ऐकतात, कधी मान डोलावतात. काका शेजारी बसतात. त्यांना ते गाणं अर्धंच वाटतं, पण तसं ते बोलत नाहीत.