लाल पोटाचा पाहुणा

एकोणीसशे ऐंशीच्या आसपास मी मॉरिशसमध्ये दर रविवारी क्युरपीपहून बसने सुरिनाम गावी मराठीच्या वर्गात शिकवायला जायचो. त्या बसमध्ये महिन्यातून एकदा कांप दे मास्क गावचा एक म्हातारा भेटायचा. नाव मी कधी विचारलं नाही. त्याच्या मांडीवर जॅमची रिकामी बरणी, झाकणाला भोकं आणि आत काळ्या ठिपक्यांचा हिरवा बेडूक. बस वळली की तो आधी बरणी सावरायचा, मग स्वतःला.

शेजारी बसणाऱ्या प्रत्येकाला तो बरणी उचलून बेडकाचं पोट दाखवायचा आणि अर्धं क्रिओल, अर्धं मराठी बोलायचा. "आयो, गेत सो वांत! बघा गुरुजी, पोट कसं पिवळं पडलंय!"

बोटीवर काम करणाऱ्या भाच्याने तो आणला तेव्हा पोट लालभडक होतं म्हणे. म्हाताऱ्याची लेक त्याला ओढ्यातली बारीक कोळंबी भरवायची. ती लग्न होऊन सुरिनामला गेली आणि रंग उतरला. म्हणून एका महिन्यात बेडूक लेकीकडे पोचवायचा आणि पुढच्या महिन्यात लाल झालेला परत आणायचा.

"तुमच्या ओढ्यातली कोळंबी संपली का?" मी विचारलं.

"हाय की भरपूर! पण नातवंड होईस्तवर बापाला लेकीच्या घरचं पाणीबी चालत नाय. मग उगाच कसा जाऊ? ह्याला सगळं चालतं."

एका रविवारी परतीच्या बसमध्ये तो बरणीशिवाय दिसला. मी घाबरूनच विचारलं, "बेडूक कुठाय?"

"ऱ्हायला तिकडंच. आता मला त्याचं काय काम?" असं म्हणून त्याने मोठा ढेकर दिला आणि स्वतःच्या पोटावरून हात फिरवला.