सुनंदाचा इंग्रजीचा पेपर

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. भावाला नाही, पोरीला नाही — सुनंदाला तर नाहीच. तुम्हाला सांगतोय, तरी जीभ अडखळते. कुठून सुरू करू?

सुनंदा माझी बायको. आमच्या पाऱ्यातल्या, म्हणजे मोहल्ल्यातल्या, अंगणवाडीत पंधरा वर्षं मदतनीस. पोरांना जेवू घालायचं, नाकं पुसायची, झाडलोट करायची. तिथल्या सेविकाबाई निवृत्त होणार होत्या, आणि ती जागा हिला मिळू शकत होती — पण बारावी पास पाहिजे. एक्केचाळिसाव्या वर्षी तिनं ओपन स्कूलचा फॉर्म भरला. पुस्तक ओट्यावर उभं करून पोळ्या लाटायची. चार पेपर चांगले गेले. राहिला इंग्रजीचा.

आणि मी? लग्न ठरताना माझ्या बापानं तिच्या घरच्यांना सांगितलं होतं, पोट्टा बारावी पास आहे. मी नव्हतो. इंग्रजीत दोनदा नापास झालो होतो. तेव्हा गप्प बसलो, आणि मग बावीस वर्षं गप्पच. पोरीच्या शाळेच्या फॉर्मवरसुद्धा स्वतःच्या हातानं 'बारावी' लिहिलं.

एका संध्याकाळी सुनंदानं निबंधाची वही पुढं केली. "अहो, एवढं तपासून द्या ना." मी वही धरून बसलो — बराच वेळ. शेवटी तिनंच ती हळूच काढून घेतली. "राहू द्या, मी शेजारच्या दीदीले विचारतो."

तिला कळलं असेल का? त्या दिवसापासून मला दुसरं काही सुचेना. ती पास झाली तर? घरात खरी बारावी एकच असणार होती, आणि ती माझी नसणार होती.

पेपर अडीचला. सव्वादोनला गेट बंद. सेंटर जुन्या वस्तीत. शंकर नगरातल्या घरून दीडला निघालो. बाहेरच्या रस्त्यानं पंचवीस मिनिटं पुष्कळ झाली.

मी स्कूटर सदर बाजारात घातली.

लग्नसराई होती. सराफांच्या दुकानांपुढं गाड्यांवर गाड्या, ई-रिक्षा आडव्या. मला माहीत नव्हतं? आदल्याच दिवशी मी तिथं अर्धा तास अडकलो होतो — म्हणूनच मुद्दाम वळलो. "इकून काहून?" तिनं मागून विचारलं. "जवळ पडते," मी म्हणालो.

पाच मिनिटांत रुतलो. ना पुढं, ना मागं. तिची बोटं माझ्या खांद्यात रुतत चालली होती. दोन वाजले. "मी उतरून पायीच जातो," ती म्हणाली. गेली असती तर पोचली असती — झपाझप चालते ती. "बस न, सुटतेच आता." उजव्या हाताला एक गल्ली मोकळी होती. मला दिसत होती. मी समोर बघत राहिलो.

पोचलो तेव्हा दोन पंचवीस. गेटचे गज धरून ती चौकीदाराला म्हणत होती, "भैया, अभी तो पेपर चालू भी नहीं हुआ." तो नुसती मान हलवत होता. प्रवेशपत्र तिच्या मुठीत चुरगळलं. मी स्कूटरपाशी उभा होतो आणि मला — हेच सांगायचं होतं — मला हलकं वाटलं.

परतताना ती म्हणाली, "तुमचा काय दोष जी. गर्दीच तशी होती."

पुढची परीक्षा सहा महिन्यांनी होती. त्याआधीच ती जागा भरली. चोवीस वर्षांची पोरगी आली. सुनंदा तिला मॅडम म्हणते, तिच्या खुर्चीखालचं झाडते. फॉर्म परत भरला नाही. "आता कायले?" म्हणाली, आणि पुस्तकं शेजारच्या दीदीला देऊन आली.

गेल्या रविवारी तिचा भाऊ आला होता. बारावीचं काय झालं, त्यानं सहज विचारलं. "यायनं लय धडपड केली रे बिचाऱ्यानं," सुनंदा म्हणाली, "पण रस्ताच जाम होता." भावानं माझ्याकडं पाहिलं.

मी मान डोलावली.