गौरक्काचा आवाज

शालनक्कांचा आवाज एके काळी अर्ध्या कर्नाटकाला ठाऊक होता, आणि शालनक्का कुणालाच ठाऊक नव्हत्या. त्यांना तेव्हा ते फारसं टोचलं नाही. नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये, ट्रंक ऑपरेटरची. दिवसभर लोकांनी आपला आवाज ऐकायचा आणि माणूस पाहायचा नाही, ही सवयच झालेली. घराणं तीन-साडेतीनशे वर्षांपूर्वी कुठल्याशा फौजेमागून बेंगळुरूला आलं आणि इथंच मुरलं. वडिलांचं चिकपेटेत शिंप्याचं दुकान होतं. घरात मराठी बोलायची, पण निम्मे शब्द कन्नडचे, आणि घराबाहेर पडलं की अस्सल जुन्या बेंगळुरूचं, लोण्यासारखं कन्नड. त्या कन्नडानंच त्यांना गौरक्का केलं.

‘बाडिगे मने गलाटे’, म्हणजे भाड्याच्या घरातला गोंधळ, अशी ती दर शुक्रवारी टीव्हीवर लागणारी विनोदी मालिका. गौरक्का ही तिच्यातली घरमालकीण. भाडेकरूनं काहीही मागितलं, नळाची चकती म्हणा की भिंतीला चुना, की ही बया आधी श्वास आत ओढायची, मग एक लांबलचक ‘हं’ करायची, मग क्षणभर गप्प बसायची आणि शेवटी नाही म्हणायची. त्या ‘हं’वर लोक फिदा होते. बसमध्ये सुट्टे मागितले की कंडक्टर ‘हं’ करायचा. शाळेतली पोरं मास्तरांसमोर करायची आणि छड्या खायची.

पडद्यावर गौरक्का झाली होती निपाणीची धनलक्ष्मी. बाई दिसायची झकास, पण तिच्या कन्नडात निपाणीचा हेल. दिग्दर्शकाला तो चालेना. शूटिंग यशवंतपूरला, रुळांना लागून असलेल्या घरात. दर थोड्या वेळानं गाडीची शिट्टी. त्यामुळे सगळ्यांचेच संवाद नंतर स्टुडिओत पुन्हा बोलून घ्यावे लागत. बाकीचे आपापलं बोलायचे. धनलक्ष्मीचं मात्र शालनक्कांनी बोलायचं, असं ठरलं. एक्स्चेंजची ड्यूटी संपवून त्या स्टुडिओत जायच्या, कानाला हेडफोन लावायच्या आणि समोरच्या पडद्यावरच्या ओठांवर आपले शब्द नेमके बसवायच्या. मालिका चालली तेवढी वर्षं त्यांनी धनलक्ष्मीचे ओठ पाहिले. तिचा कुठला दात किंचित पुढे आहे, चिडली की कुठल्या बाजूनं तोंड वाकडं होतं, हे सगळं त्यांना पाठ. प्रत्यक्षात दोघी भेटल्या असतील दोनदा, तीही जाता-येता. मालिकेच्या नावांच्या पाट्यांमध्ये धनलक्ष्मीचं नाव यायचं. आवाज देणाऱ्यांची नावं घालायची तेव्हा पद्धतच नव्हती.

मालिका संपली, लोक विसरले, शालनक्का निवृत्त झाल्या. येलहंक्याच्या घरात यजमान विलासराव, सून, नातवंडं आणि सकाळची इडली, असं सुखात चाललं होतं. पण विस्तवावरची राख महांतेशनं उडवली. महांतेश म्हणजे मालिकेतला भाडेकरू. आता साठी उलटली, डोक्यावर एक केस नाही, पण हौस तेवढीच. त्याची मुलगी दिव्यश्री इलेक्ट्रॉनिक सिटीत नोकरी करते. तिनं बापाला यूट्यूबवर कार्यक्रम काढून दिला. जुन्या मंडळींनी सोफ्यावर बसायचं, एकेक जुना भाग बघायचा आणि स्वतःचीच खिल्ली उडवायची. ‘बघा, माझी मिशी उजवीकडून सुटली आहे.’ ‘बघा, गणपती बसलेत आणि मागच्या कॅलेंडरवर मार्च.’ लोकांना हे जाम आवडलं. खाली प्रतिक्रियांचा ढीग पडू लागला, आणि त्यातली निम्मी माणसं लिहायची: धनलक्ष्मी मॅडमचा आवाज! ती ‘हं’! असा आवाज पुन्हा होणे नाही.

शालनक्का ते वाचायच्या आणि त्यांच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

“दिसतं तसं नसतं, म्हणून जग फसतं,” विलासराव वर्तमानपत्राआडून म्हणायचे.

“तुम्ही गप्प बसा स्वल्प,” शालनक्का म्हणायच्या. “ती बाहुली होती हो. लाकडाची. मी तिच्यात जीव घातला. ती हं कोणाची? माझी. माझं नाव घेतलं कुणी?”

इतकी वर्षं हे दुखणं आत कुठं दडून होतं कोण जाणे. म्हातारपणी माणसाला कीर्ती नको असते म्हणतात, ते साफ खोटं. माणसाला म्हातारपणीच ती हवी असते, कारण आता नाही तर कधी? शेवटी त्यांनी महांतेशला फोन लावला आणि फैलावर घेतलं.

“शालनक्का, तुमचं शंभर टक्के खरं आहे,” तो म्हणाला. “माझ्या तोंडून कशाला, तुम्हीच सांगा ना. रविवारी या. धनलक्ष्मीही येतेय, इथं बेंगळुरूत मुलाकडे आली आहे. कॅमेऱ्यासमोर बोला.”

रविवारी त्या हिरवी म्हैसूर सिल्क नेसून निघाल्या. येलहंका शहराच्या एका टोकाला, महांतेशचं घर दुसऱ्या, इलेक्ट्रॉनिक सिटीत. टॅक्सी उड्डाणपुलावर चढेपर्यंत त्यांची वाक्यं मनात घोटून झाली होती. ‘नमस्कार. गौरक्काचा आवाज माझा होता.’ एवढंच म्हणायचं, मान ताठ ठेवायची, आणि धनलक्ष्मीकडे बघायचंसुद्धा नाही.

पण बघावं लागलं, कारण दार तिनंच उघडलं. गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, हातात काठी, केस पांढरेफेक. दात मात्र तोच, किंचित पुढे आलेला. शालनक्कांना वाटलं, ही तर आपल्या घरातलीच कुणीतरी.

“अक्का!” धनलक्ष्मीनं काठी भिंतीला टेकवली आणि त्यांचे दोन्ही हात धरले. “तुमीच न्हवं का? किती वर्सं वाटायचं, एकदा भेटावं म्हणून.”

शालनक्कांनी हात सोडवून घेतले. आलेला राग असा दारातच मवाळ होऊन चालणार नव्हतं.

सोफ्यावर मधोमध महांतेश, अलीकडे धनलक्ष्मी, पलीकडे शालनक्का. दिव्यश्रीनं तिघांच्या पदराला आणि कॉलरला छोटे माइक लावले आणि कॅमेऱ्यामागे गेली. महांतेशनं आधी कन्नडात प्रेक्षकांना रामराम घातला आणि मग सांगितलं, की आज खास गंमत आहे. मालिकेचे संकलक वारले, त्यांच्या माळ्यावर काही टेपा सापडल्या. त्यांतली एक परवाच साफ करून आली आहे. नळाच्या भांडणाचा भाग, लोकांचा सर्वांत लाडका. “आम्हीही अजून पाहिलेली नाही. तुमच्याबरोबरच बघतो. आणि मग शालनक्का तुम्हाला एक गोष्ट सांगणार आहेत.”

चित्र सुरू झालं. महांतेश बादली घेऊन आला, केस खांद्यापर्यंत.

“अय्यो, तो टोप होता का रे?” शालनक्कांना राहवलं नाही.

“माझेच होते! शेवटचे!” महांतेश म्हणाला, आणि दिव्यश्री कॅमेऱ्यामागे खुदकन हसली. मग त्यांनी एकेक दोष काढायला सुरुवात केली. बादली रिकामी आहे आणि हा असा वाकतोय जणू विहीरच उचलून आणली. खिडकीतून माइकची काठी दिसते. दिग्दर्शकाचा कुत्रा चक्क खाटेखाली झोपला आहे. हसता हसता महांतेशला ठसका लागला. शालनक्काही हसल्या. ते दिवस चांगलेच होते, हे काही नाकारता येत नव्हतं.

तेवढ्यात गौरक्का दारात आली आणि बोलली. आवाज शालनक्कांचा नव्हता.

महांतेशनं दिव्यश्रीकडे पाहिलं. “टेप बिघडली काय गं?”

“नाही पप्पा, साउंड तर क्लीन आहे.”

पडद्यावर लांबून गाडीची शिट्टी झाली आणि शालनक्कांच्या सगळं लक्षात आलं. ही डबिंगच्या आधीची टेप होती. शूटिंगच्या वेळचा कच्चा आवाज तसाच राहिला होता. धनलक्ष्मीचा स्वतःचा आवाज. निपाणीच्या हेलाचं कन्नड, थोडं खरखरीत, आणि त्यात असा काही ठसका की महांतेशसुद्धा हसायचं विसरून ऐकत राहिला.

भाडेकरूनं नळाची चकती मागितली. गौरक्कानं श्वास आत ओढला. “हं...” मग ती गप्प बसली, नेमकी तेवढीच. मग नाही म्हणाली.

शालनक्कांचा हात कानाकडे गेला. हेडफोन! कानात हाच आवाज लावून तर त्या बोलायच्या. श्वास कुठं घ्यायचा, कुठं थांबायचं, हे सगळं कानात आधी यायचं आणि त्या मागोमाग म्हणायच्या. डबिंगचं कामच ते. पण वर्षानुवर्षं स्वतःची पाठ थोपटता थोपटता त्यांना वाटू लागलं होतं, की कानात काही नव्हतंच. समोर नुसते मुके ओठ होते आणि जीव आपणच घातला. लाकडाची बाहुली म्हणत होत्या त्या, आणि ही बाहुली तर त्यांच्यापेक्षा सरस बोलत होती. लाज वाटली, आणि खरं सांगायचं तर हेवाही वाटला.

भाग संपला. दिव्यश्रीनं कॅमेरा त्यांच्याकडे वळवला. “आंटी, आता तुम्ही बोलणार होता ना?”

घोटलेली वाक्यं कुठल्या कुठे पळाली. शालनक्कांनी धनलक्ष्मीकडे बघितलं.

“टीव्हीवर ऐकलात तो आवाज माझा होता,” त्या म्हणाल्या. “खोटं कशाला बोलू. पण ती हं हिची आहे हो. मी नुसती मागून म्हटली.”

“माजी?” धनलक्ष्मी खरोखरच चकित झाली होती. “मला वाटलं, ती तुमीच घातली. म्या सगळ्यास्नी सांगायची, आवाज माजा न्हाई, बेंगळुरूच्या एका अक्कांचा हाय. कोण पटवून घेतंय? लोक म्हणायचे, बाई लई नम्र हाय.”

महांतेश मोठ्यानं हसला. धनलक्ष्मी हसली नाही. तिचे डोळे अजून पडद्यावरच होते.

“माजा आवाज असा लागायचा व्हय,” ती हळूच म्हणाली. “म्या कवा आयकलाच न्हवता. महांतेश, पुन्ना लावशील? आमच्या आईला आयकवायचंय. फोनवरच. ती निपाणीला भावाकडं असती. नव्वदीला आली, पर कान खणखणीत.”

भावानं फोन उचलला आणि आईच्या कानाला लावला. दिव्यश्रीनं टेप मागे नेली. धनलक्ष्मी काठी घेऊन उठायला लागली, तेव्हा शालनक्कांनीच तिच्याकडून फोन घेतला आणि स्पीकरपाशी धरला. नळ, बादली, गाडीची शिट्टी, “हं...” सगळं निपाणीला गेलं. संपल्यावर त्यांनी फोन परत आणला आणि धनलक्ष्मीनं त्याचा आवाज मोठा केला.

पलीकडून तिच्या आईचा, चंद्राबाईंचा, आवाज आला.

“ही माजी धनू,” त्या म्हणाल्या. “ही खरी. तवा का गं अशी बोलली न्हाईस?”

“बोलले हुते आई. त्यांनी पुसून टाकलं.”

“अन् ती दुसरी कोण हुती? म्या बिड्या वळत बसायची, मान वर करायला फुरसत न्हाई, नुसतं आयकायची. सारा गाव म्हणायचा, तुमची धनू किती ग्वाड बोलती. म्या म्हणायची, ही माजी लेक न्हवंच! ही भलतीच कोण तरी बाई हाय. मला येड्यात काढायचे. दर शुक्रवारी त्या बाईला शिव्या घालत हुते म्या.”

धनलक्ष्मी ओशाळली. तिनं फोनवर हात ठेवला आणि शालनक्कांकडे पाहिलं, काय करू म्हणून. पण शालनक्कांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि ते शिव्यांचं नव्हतं. अर्ध्या कर्नाटकानं तो आवाज ऐकला, डोक्यावर घेतला, आणि त्यामागं कुणी वेगळी बाई आहे हे एकाही माणसाला कळलं नाही असं त्या समजत होत्या. निपाणीत बिड्या वळणाऱ्या एका आईला ते पहिल्या शुक्रवारपासून ठाऊक होतं. त्यांनी हात पुढे करून फोन मागून घेतला.

“मी बोलतेय, अम्मा,” त्या म्हणाल्या. “ती दुसरी.”

“अगं बाई! हीच! धनू, हीच ती!” चंद्राबाई ओरडल्या. “म्हातारी झालीस व्हय गं तूबी? पर आवाज वळखला म्या. शिव्या मनावर घिऊ नगंस. शिव्या दिल्या, पर एकबी शुक्रवार चुकवला न्हाई. नाव काय तुजं?”

“शालन,” त्यांनी सांगितलं. मग फोन जवळ धरून पुन्हा नीट सांगितलं. “शालन.”

“शालन,” पलीकडे चंद्राबाईंनी नाव म्हणून पाहिलं. “बरं. आता ध्यानात ऱ्हाईल.”