नाकवाल्या बाई

आमच्या बालरुग्ण विभागात खरी सत्ता मोठ्या डॉक्टरांची नाही, नाकवाल्या बाईंची. हे नाव पालकांनी ठेवलेलं. बाई विभागाच्या मुख्य परिचारिका. तीस वर्षं तान्ह्या बाळांची चोंदलेली नाकं मोकळी करण्यात गेली. थंडी पडली की ब्रॉन्किओलायटिसची बाळं रांगेने येतात. विषाणूमुळे छातीतल्या बारीक नळ्या सुजतात, बाळ धापा टाकतं, दूध ओढेनासं होतं. मग एखादी घाबरलेली आजी म्हणतेच, "अहो, एखादं इंजेक्शन टोचा की!"

"याला इंजेक्शन नसतं," बाई खेकसायच्या. "नाक साफ, दूध थोडं थोडं, लागला तर ऑक्सिजन. बाकीचं बाळ बघतं. तुम्ही बाहेर बसा."

श्वास मोजायची त्यांची शिस्त म्हणजे तर जाच. झबलं वर करायचं, छातीवर नजर ठेवायची आणि पूर्ण एक मिनिट मोजायचं, कारण तान्ह्या बाळाचा श्वास एका लयीत चालत नाही. मी नवीन परिचारिका असताना अर्धंच मिनिट मोजून आकडा दुप्पट केला. बाईंनी सगळ्यांसमोर माझी बिनपाण्याने केली. "उरलेलं अर्धं मिनिट बाळ तुला विचारून श्वास घेणार आहे का?" आठवडाभर मी फुगून होते.

आणि एका सकाळी त्यांचीच दोन महिन्यांची नात दाखल झाली. श्वासागणिक बरगड्यांखाली खळगा पडत होता. डॉक्टरांनी ऑक्सिजन लावला. म्हणाले, "दूध जमलं नाही तर नळीने द्यावं लागेल. श्वास सत्तरच्या वर राहिले तर अतिदक्षता विभागात हलवू."

बाईंनी झबलं वर केलं, घड्याळाकडे पाहिलं आणि ओरडल्याच, "अठ्ठ्याहत्तर! डॉक्टर, काहीतरी द्या हो. एखादं इंजेक्शन तरी..."

त्यांच्या लेकीने हंबरडा फोडला. मी मात्र घड्याळ बघत होते. बाईंनी अर्ध्या मिनिटातच मोजणं सोडलं होतं. एकोणचाळीसची दुप्पट!

उट्टं काढायची आयती संधी होती, खोटं कशाला बोलू. पण इंजेक्शन मागणाऱ्यांवर खेकसणाऱ्या बाईच इंजेक्शन मागत होत्या, ते मला बघवेना.

"बाई, मिनिट पुरं झालं नाही," मी हळूच म्हटलं आणि स्वतः पूर्ण मिनिट श्वास मोजले. बासष्ट. डॉक्टरांनीही मोजले. एकसष्ट.

"आता तुम्ही बाहेर बसा," माझ्या तोंडून निघून गेलं. बाई बाहेर गेल्या.

मी नाकात सलाइनचे थेंब घातले, सक्शनने नाक मोकळं केलं. लेकीने पोरीला छातीशी धरलं. चार घोट घेऊन ती दमली. जरा थांबली, पुन्हा लागली. तासाभरात तीनदा प्यायली. डॉक्टर म्हणाले, "नळी नको."

सांगायला मी धावत बाहेर गेले. बाई भिंतीला टेकून उभ्याच होत्या. ऐकून त्या ढसाढसा रडल्या. मग डोळे पुसत त्यांनी व्हरांड्यात या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिलं.

"अगं, इथे बसायला काहीच नाही," त्या म्हणाल्या. "तीस वर्षं मी लोकांना बाहेर बसा सांगतेय."

चौथ्या दिवशी नात घरी गेली. त्याच दुपारी बाईंनी आपल्या खोलीतली खुर्ची उचलून व्हरांड्यात ठेवली. आता त्या उभ्यानेच कागद लिहितात.