डायव्हर्शनवरची नवसाबाई

नाशिकहून पेठकडे जाताना, घाट लागायच्या आधी, नवसाबाईची खानावळ आहे. पत्र्याचं छप्पर, तीन बाकडी, नागलीची भाकरी, उडदाची आमटी, ठेचा. नवरा गेल्यावर एकोणीस वर्षं तिने ही चूल पेटती ठेवली. एकलहऱ्याच्या वीजकेंद्रातून राख भरून निघालेले टँकर आणि पंचवटीत भाजी टाकून परतणारे टेम्पो यांच्यावर ती जगली.

मग एका सकाळी रस्त्यावर पिंपं उभी राहिली. पिवळ्या पाटीवर बाण, खाली शब्द : डायव्हर्शन. पुढची ओढ्यावरची मोरी नव्याने बांधायची होती. गाड्या शेतातल्या मातीच्या वाटेने वळल्या, आणि नवसाबाईची खानावळ बंद रस्त्यावर राहिली. महिनाभरात त्या मातीच्या वाटेवर ढाबा उभा राहिला. तो ठेकेदाराचा सुपरवायझर धनराज याच्या मेहुण्याचा.

मोरी तीन महिन्यांत झाली. पिंपं हलली नाहीत.

पिंपं हलवा म्हणून नवसाबाईने बांधकाम खात्यात अर्ज दिला. तो फिरत फिरत धनराजच्याच खिशात आला. ढाब्यावर त्याने तो तिच्यासमोर काढला, उलगडला आणि त्यावर भजी घेतली.

"मावशी, अर्ज कशाला? गाड्या बघायच्यात ना तुला? ये कामावर, झेंडा धर. दिवसभर बघत बस."

ढाबा हसला. तेल कागदातून आरपार उतरलं तेव्हा तिच्या अंगठ्याचा ठसा आणखी काळा दिसू लागला.

दुसऱ्या दिवशी ती झेंडा घ्यायला आली. ती वाकली, असं सगळ्यांनी धरलं.

काम सोपं होतं. वाट एका गाडीपुरती. नाशिकच्या टोकाला नवसाबाई, पेठच्या टोकाला देवराम. मोबाइलला रेंज नाही. म्हणून एका बाजूच्या गाड्या सोडताना शेवटच्या गाडीवाल्याच्या हातात निरगुडीची फांदी द्यायची. ती पलीकडे पोचली की पलीकडच्याने आपल्या गाड्या सोडायच्या. एकदा दोन टँकर समोरासमोर अडकले. तेव्हा धनराजने झेंडेवाल्या दोघांना दम भरला होता, "फांदी हातात आल्याबिगर कोनाच्या बापाला सोडायचं नाय. मी सांगितलं तरी नाय."

दर मंगळवारी इंदिरानगरच्या श्यामलाबाई पेठच्या कॉलेजात इंग्रजी शिकवायला जायच्या. पूर्वी त्या नवसाबाईकडे जेवत. आता लाल झेंड्यापाशी गाडी थांबली की काच खाली करून बोलत.

"बाई, ह्या पाटीवरचा शब्द म्हंजे काय वो?" नवसाबाईने एकदा विचारलं.

"बाजूला वळवणं. मूळ लॅटिन, जुन्या रोमन लोकांचा शब्द. 'व्हर्टेरे' म्हणजे वळणं. आधी 'दी' लागलं की बाजूला वळणं. त्याच घरात त्यांचा आणखी एक शब्द होता. वाटसरू रस्ता सोडून खायला-झोपायला जिथे वळतो, त्या जागेचा."

"म्हंजे खानावळ?"

"खानावळच."

नवसाबाईने पाटीकडे पाहिलं. "माझंच नाव लावून मलाच बंद केलं, म्हना."

"पुढे इंग्रजीत त्याचा अर्थ करमणूक असाही झाला. मन कामावरून बाजूला वळतं म्हणून."

"ती चालू हाय ढाब्यावर."

श्यामलाबाई हसल्या. मग म्हणाल्या, "शत्रूलाही त्याच घरातला शब्द आहे. अ‍ॅडव्हर्सरी. आपल्याकडे तोंड वळवून उभा राहतो तो."

"हा बरा हाय," नवसाबाई म्हणाली आणि तिने हिरवा झेंडा वर केला.

ती सात महिने उभी राहिली. कोण कुठे थांबतो, किती वेळ खातो, हे तिला पाठ झालं. पुंजाचा भाजीचा टेम्पो परतीला ठीक बाराला यायचा. ढाब्यावर मटण खाऊन तासभर डुलकी काढल्याशिवाय तो पुढे जात नसे.

मग एक दिवस सकाळीच धनराज म्हणाला, "जाकीट धुतलेलं घाल. खात्याचे मोठे साहेब पेठकडून दुपारी येतील."

बाराला तिने चार गाड्या सोडल्या आणि पाचव्याला, पुंजाला, फांदी दिली.

"मावशी, आज बरी मोठी फांदी?"

"जप तिला. सावकाश जेव."

पेठच्या टोकाला रांग लागली. तिच्याच गावच्या बाया होत्या त्यात, दुधाचे कॅन होते. उन्हात दूध नासलं. साहेबांची गाडीही तिथेच. देवरामने लाल झेंडा खाली केला नाही. साहेब ओरडले, तो म्हणाला, "फांदी नाय आली, सायेब."

पाऊण तासाने साहेब उतरले आणि बंद रस्त्याने चालत निघाले. नव्या मोरीवरून, वाळत घातलेल्या नागलीला वळसा घालून, ते नवसाबाईसमोर आले.

"ही मोरी कधी झाली?"

"दोन पिकं वाळवली, सायेब, हिच्यावर."

तिने दुसरं काही सांगितलं नाही. झेंड्याच्या दांडीने फक्त ढाबा दाखवला. तिथे बाजेवर पुंजा घोरत होता, उशाला फांदी. शेजारच्या बाजेवर धनराज जेवत होता.

चौथ्या दिवशी पिंपं गेली. धनराजची नोकरीही गेली. नासलेल्या दुधावरून गावच्या बाया नवसाबाईला अजून बोलतात. ती ऐकून घेते, माफी मागत नाही.

पावसाळ्यानंतर धनराज मोटारसायकलवरून आला. वाळला होता. खानावळीच्या बाकड्यावर बसला.

"मावशी, दोन भाकरी."

तिने कुंपणातली निरगुडीची फांदी मोडली, ताटात घालून त्याच्यासमोर ठेवली.

"पलीकडं पोचव. पोचली की तवा ठेवते."

"पलीकडं कोन हाय आता?"

"नाय ना. मग बस."

तो बसला. त्याच्यामागून तीन टँकरवाले आले, जेवले, हात धुऊन गेले. त्यांच्या भाकऱ्या ती त्याच्याकडे तोंड करून थापत होती. पानं मलूल झाली तसा तो उठून गेला.

तिने फांदी चुलीत घातली. ओली होती, धूर फार झाला.