अण्णांचा तंबू आणि बिब्ब्याचं तेल

ऐंशीच्या दशकात रत्नागिरीत आम्ही काहीजण रविवारी डोंगर चढायला जायचो. चढलेले डोंगर बोटांवर मोजण्याइतके, किस्से मात्र पोतंभर! त्याला कारण आमचे पुढारी अण्णा. बँकेत हेडकॅशियर, आणि जगातल्या उरलेल्या सगळ्या विषयांत तज्ज्ञ.

*

एकदा तंबूच्या खुंट्या घरी राहिल्या. अण्णांनी कोयता घेतला, जवळच्या झाडाच्या फांद्या तोडल्या, तासल्या, ठोकल्या. थोड्या वेळाने हात, दोर, तंबू, सगळ्यावर काळे डाग पडले.

माझा मित्र इक्बाल घाबरून म्हणाला, "अण्णा, हा बिब्बा आहे! याचं तेल अंगावर उततं."

"बिब्बा असता तर मला ओळखू आला नसता?"

तिसऱ्या दिवशी अण्णांना आम्हीसुद्धा ओळखू येईना. डोळेच उघडत नव्हते!

*

पंधरा दिवसांनी अण्णा बरे झाले. त्या आनंदात त्यांनी तंबू झटकून, घडी घालून माळ्यावर ठेवला. दोन दिवसांत पुन्हा कोपरापर्यंत फोड!

"परत बिब्बा तोडलात?" डॉक्टरांनी विचारलं.

"छे हो! नुसती तंबूची घडी घातली."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "मग तुम्हाला औषध देऊन काय उपयोग? तंबूला घेऊन या."

*

तेल कापडातच मुरलंय हे अण्णांना अखेर पटलं. उपाय अर्थातच त्यांचा स्वतःचा. न्हाणीघरातल्या तांब्याच्या घंगाळात कढत पाणी ओतून त्यांनी तंबू रात्रभर भिजत घातला. सकाळी काढून वाळत टाकला. घंगाळ नुसतं विसळलं.

पुण्याहून सासरे आले होते. त्यांना अंघोळ घंगाळातूनच लागायची.

आठ दिवसांसाठी आलेले सासरे महिनाभर राहिले. प्रवास करायचा म्हणजे बसावं लागतं, आणि तेच त्यांना जमत नव्हतं!

*

दोरावरच्या डागांसाठी रॉकेल. अण्णांनी तो इतका चोळला की एस.टी.त चढताच कंडक्टर नाक धरून म्हणाला, "रॉकेलचा डबा खाली उतरवा."

"डबा नाही, दोर आहे."

"मग दोर उतरवा."

"माझ्याशिवाय दोर जाणार नाही!" अण्णा बाणेदारपणे म्हणाले.

कंडक्टरने दोघांनाही उतरवलं.

*

शेवटी इक्बालच्या आईने, अमीनाचाचींनी, तंबू ताब्यात घेतला. काजूच्या कारखान्यात त्यांची वीस वर्षं गेलेली. काजूच्या टरफलाचं तेलही बिब्ब्याच्याच जातीचं. चाचींनी हातांना खोबरेल आणि राख माखली. डागांवर कोरडी राख दाबली, तिने तेल ओढून घेतल्यावर झटकली, मग साबण आणि गार पाणी. असं तीनदा.

"कढत पाण्यानं तेल पसरतं, अण्णा. आणि पुसायचं फडकं पहिलं पुरून टाकायचं. जीव त्यातच असतो त्याचा."

तंबू स्वच्छ झाला. मी स्वतः त्यावर गाल टेकवून झोपलो, काही झालं नाही.

अण्णा म्हणाले, "माझी पद्धत हीच होती. राख तेवढी राहिली."

*

त्यानंतर अण्णांनी भाट्याच्या किनाऱ्यावर शिबिर भरवलं. विषय, 'विषारी वनस्पती आणि आपले साहित्य'. चाचींनी दोन शब्द बोलावेत, असं आम्ही सुचवलं.

"बाईंना भाषणाची सवय नाही," अण्णा म्हणाले. चाची पहिल्या रांगेत बसल्या.

प्रमुख पाहुणे एक मोठे साहेब. सफारी सूट, त्यात दुपारचं ऊन. अण्णांनी खिशातून पांढऱ्या रुमालात गुंडाळलेली बिब्ब्याची ताजी फांदी काढली, सगळ्यांना दाखवली आणि चिमट्याने अलगद डब्यात ठेवली. टाळ्या! रुमाल झटकून, घडी घालून टेबलावर ठेवला.

साहेब घामाने डबडबले होते. अण्णांचं पाहुण्यांकडे बारीक लक्ष. त्यांनी अदबीने तो रुमाल पुढे केला.

चाची ताडकन उठल्या. "अवो अण्णा, तो रुमाल..."

"प्रश्न शेवटी!" अण्णांनी हात उंचावला.

साहेबांनी चष्मा काढला. आधी कपाळ पुसलं, मग डोळे, मग मान, आणि सफारीचं वरचं बटण उघडून रुमाल आत घातला.