लंकेची बोट

वारंगा फाट्यावर ट्रकच्या डिझेलचा वास आला की मला नागपट्टणमचं बंदर आठवतं. लंकेतल्या बोधिवृक्षाला एकदा वंदन करायचं, एवढीच माझ्या बायकोची इच्छा होती, म्हणून दुखणं अंगावर काढत ती माझ्यासंगं रेल्वेनं तिथवर आली; पुढं बोट होती. पण पासपोर्टावर तिचं माहेरचं नाव, अन् तिकिटावर मी सांगितलेलं लग्नातलं, ज्या नावानं सारं गाव तिला हाक मारायचं. बंदरावर कागद तपासणाऱ्या साहेबानं तिला बाजूला काढलं. "अहो, बाई एकच हाय!" म्हणून मी भांडलो, पण तो ऐकेना. ती म्हणाली, "तुमी जा की, काहून माझ्यापायी अडून राहिले?" मी म्हणलं, "तुला सोडून? चूप बस." बोट निघून गेली तशी आमी बाहेर समुद्रावर आलो. "लंका कोणीकडं हो?" तिनं विचारलं. मला तरी कुठं ठाव होतं! दूर गेलेल्या बोटीकडं मी हात केला. तिनं डोक्यावर पदर घेतला, तिकडं तोंड करून ओल्या वाळूवर कपाळ टेकलं, अन् बराच वेळ उठलीच न्हाई. त्याच उन्हाळ्यात ती वारली. आता गावात कोणी विचारलं तर मी ठासून सांगतो, व्हय, माझी बायको बोधिवृक्षाला वंदन करून आली.